उत्क्रांतीचा पुरावा: दुसऱ्या गुणसूत्रावरचा सांधा

तुमचे प्रश्न तीन आहेत. उत्क्रांतीला खरंच शास्त्रीय पुरावा आहे की तो ‘नुसता सिद्धांत’ आहे? माणूस आणि चिंपांझी यांच्यातलं साम्य एकाच आराखड्यावरून दोघांना घडवल्यामुळेही असू शकेल, मग त्यावरून नातं कसं सिद्ध होतं? आणि चिंपांझीत 48 गुणसूत्रं, माणसात 46, तर हा आकडा मधेच बदलला कसा? बदलला असता तर तो जीव जगला असता का?

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण माझं रोजचं काम तेच आहे. गेली सव्वीस वर्षं मी गुणसूत्रांच्या प्रयोगशाळेत आहे. रक्ताचा नमुना आला की त्यातल्या पांढऱ्या पेशी साधारण 72 तास वाढवायच्या, विभाजनाच्या ऐन मधल्या टप्प्यावर कोल्सेमिड घालून त्यांना थांबवायचं, पातळ क्षाराच्या पाण्यात त्या फुगवायच्या आणि काचपट्टीवर थेंब सोडायचा. पेशी पसरते, आतली गुणसूत्रं सुटी होतात. ट्रिप्सिन आणि गिम्सा रंगाची प्रक्रिया झाली की प्रत्येक गुणसूत्रावर काळे-पांढरे आडवे पट्टे उमटतात. हे पट्टे ठरलेले असतात. काही वर्षांनी पट्टे पाहून गुणसूत्राचा क्रमांक सांगता येतो, ओळखीच्या माणसाची चालण्याची ढब दुरून कळावी तसा.

पेशी अशा फुगवून पसरवण्याचं तंत्र बसेपर्यंत माणसाची गुणसूत्रंही नीट मोजता येत नव्हती. कित्येक दशकं पाठ्यपुस्तकांत 48 हाच आकडा छापला जात होता. 1956 मध्ये जो हिन चियो आणि अल्बर्ट लेव्हान यांनी चांगल्या पसरलेल्या पेशींत मोजणी केली आणि तो 46 असल्याचं दाखवलं. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान या तिघांत मात्र 48 आहेत. म्हणजे आपल्याकडे एक जोडी कमी.

समजा या चौघांचा पूर्वज एकच होता. तर ही जोडी गेली कुठे? ती सरळ हरवली असं म्हणता येत नाही. अख्ख्या गुणसूत्रावर शेकडो जनुकं असतात. लिंग ठरवणारी गुणसूत्रं सोडली, तर एखादं गुणसूत्र पूर्णपणे नसलेला गर्भ टिकत नाही, हे गर्भपाताच्या नमुन्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मग उरते एकच शक्यता: दोन वेगळी गुणसूत्रं टोकाला टोक लागून जोडली गेली असणार. आणि तसं झालं असेल तर खुणा सापडायलाच हव्यात. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन्ही टोकांना टेलोमिअर असतो, त्यात ‘टीटीएजीजीजी’ ही सहा अक्षरं शेकडो वेळा लिहिलेली असतात. विभाजनाच्या वेळी गुणसूत्र ओढून नेण्यासाठी एक सेंट्रोमिअर असतो. दोन गुणसूत्रं जोडलेली असतील तर टोकावर असायचा तो टेलोमिअर मधेच कुठेतरी पडलेला दिसला पाहिजे, सेंट्रोमिअरच्या जागा दोन हव्यात आणि पट्टे त्या दोन गुणसूत्रांशी जुळले पाहिजेत. यातलं काहीही नसतं, तर समान पूर्वजाची कल्पना मोठ्या अडचणीत आली असती.

1982 मध्ये जॉर्ज युनिस आणि ओम प्रकाश यांनी माणूस, चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांचे बारीक पट्टे शेजारी शेजारी मांडले. माणसाचं दुसऱ्या क्रमांकाचं लांब गुणसूत्र घ्या, त्याच्या शेजारी चिंपांझीची दोन लहान गुणसूत्रं एकाखाली एक ठेवा, पट्ट्यामागून पट्टा जुळत जातो. 1991 मध्ये नेमका सांधा सापडला. दुसऱ्या गुणसूत्राच्या मध्यभागी ‘टीटीएजीजीजी’च्या आवृत्त्या येतात आणि मग एकदम दिशा उलटते, पुढे ‘सीसीसीटीएए’च्या आवृत्त्या सुरू होतात. दोन टोकं एकमेकांना भिडली तर अगदी हेच व्हायला हवं. पुढे दुसऱ्या सेंट्रोमिअरचे निकामी अवशेषही त्याच गुणसूत्रावर, अपेक्षित जागी मिळाले.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: सांध्याजवळच्या आवृत्त्या अगदी शुद्ध नाहीत, त्यांत बरीच अक्षरं बदललेली आहेत. खरं आहे. पण टोकाला असताना टेलोमिअरची डागडुजी सतत होते. मधे अडकला की ती थांबते आणि कुणाचं लक्ष नसलेल्या भिंतीसारखा तो ढासळत जातो. लाखो वर्षांनी तो जसाच्या तसा सापडला असता तर मला उलट शंका आली असती.

आता राहिलं, असा जीव जगेल कसा. काही वर्षांपूर्वी लागोपाठ तीन गर्भपात झालेलं एक जोडपं आमच्याकडे आलं होतं. पत्नीचा अहवाल सर्वसाधारण. पतीची पेशी मोजली तर 45 गुणसूत्रं. दुसरी पेशी, तिसरी पेशी, वीस पेशी मोजल्या, सगळीकडे 45. तेराव्या जोडीतलं एक आणि चौदाव्यातलं एक असं मिळून एकच लांब गुणसूत्र झालं होतं. माणूस धडधाकट होता, त्याला आयुष्यात कसलाही त्रास नव्हता. गरजेची जनुकं सगळी जागेवर होती, फक्त दोन गाठोडी एकत्र बांधलेली. शुक्रपेशी तयार होताना मात्र वाटणी कधी कधी चुकते, म्हणून ते गर्भपात. काही वेळा ती बरोबरही होते. त्यांना पुढे निरोगी मुलगी झाली आणि वडिलांचं जोडलेलं गुणसूत्र तिच्यातही उतरलं आहे.

गुणसूत्रं अशी जोडली जाण्याला रॉबर्टसोनियन स्थानांतर म्हणतात. ते साधारण हजारात एका माणसात आढळतं, आणि बहुतेकांना ते आयुष्यभर कळतही नाही. आई आणि वडील दोघांकडूनही असं गुणसूत्र मिळून 44 गुणसूत्रं असलेली निरोगी माणसंही वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. दुसऱ्या गुणसूत्रावरचा सांधा तपशिलात थोडा वेगळा आहे, पण मूळ शंकेचं उत्तर इथे मिळतं: आकडा बदलला म्हणून जीव मरतोच असं नाही, आणि तो बदल पुढच्या पिढीत जाऊ शकतो. मंगोलियातल्या रानटी प्रझेवाल्स्की घोड्यात 66 गुणसूत्रं आहेत, पाळीव घोड्यात 64. त्यांचं शिंगरू 65 चं होतं आणि त्यालाही पिल्लं होतात. अटलांटिक महासागरातल्या मदिरा बेटावर माणसांबरोबर जहाजांतून उंदीर पोचले. घरातल्या उंदरात एरवी 40 गुणसूत्रं असतात, पण त्या बेटाच्या वेगवेगळ्या दऱ्यांत ती जोडली जात जात 22 ते 30 वर आली आहेत, तीही फार तर हजारेक वर्षांत. भारतीय भेकराचं उदाहरण तर मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला दाखवते. मादीत 6 आणि नरात 7 गुणसूत्रं, सस्तन प्राण्यांत सर्वांत कमी. त्याच्या चिनी भाऊबंदात 46. दोघांना शेजारी उभं केलं तर हरणं म्हणून फारसा फरक वाटत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साम्य हे एकाच आराखड्यामुळे असू शकतं, ही शंका रास्त आहे. डोळ्याला डोळा आणि हाताला हात जुळतो एवढ्यावरच उत्क्रांती उभी असती तर मीही तशीच अडखळले असते. पण वंशावळ शोधताना साम्यापेक्षा चुका जास्त उपयोगी पडतात. जुन्या हस्तलिखित पोथ्यांचा अभ्यास करणारे हेच करतात. शुद्ध ओळ दोन पोथ्यांत सारखी असली तर त्यावरून काहीच कळत नाही. पण एखाद्या नकलाकाराने डुलकी लागून एक ओळ गाळली आणि तीच ओळ आणखी चार पोथ्यांत गाळलेली दिसली, तर त्या पाचही पोथ्या एका मुळातून आल्या हे उघड होतं. कुणी मुद्दाम पाच ठिकाणी तीच चूक करत नाही.

आपल्या जनुकसंचात अशा चुका खच्चून भरलेल्या आहेत. बहुतेक सस्तन प्राणी आपलं क जीवनसत्त्व शरीरातच तयार करतात. त्यातली शेवटची पायरी पार पाडणारं जनुक आपल्याकडेही आहे, पण मोडकं. त्याच्या 12 तुकड्यांपैकी 7 गळून गेलेत, उरलेल्यांत इतके बिघाड आहेत की त्यातून काही तयार होत नाही. म्हणूनच महिनोन्महिने ताजं अन्न न मिळालेले खलाशी स्कर्व्हीने मरत. वानरं आणि माकडं यांच्यातही हे जनुक मोडकं आहे. माकडांचे दूरचे नातलग असलेले लेमूर आपल्यापासून त्याआधीच वेगळे झाले, त्यांचं शाबूत आहे. गिनीपिगलाही क जीवनसत्त्व बनवता येत नाही, पण त्याच्याकडच्या मोडतोडीचा नमुना वेगळा आहे, कारण ते त्याच्या वंशात स्वतंत्रपणे बिघडलं. एकाच आराखड्याची कल्पना धरली तर आपल्याला आणि चिंपांझीला एकसारखं मोडलेलं यंत्र का दिलं, आणि गिनीपिगला वेगळ्या प्रकारे मोडलेलं का, याला उत्तर नाही. वंशावळ धरली तर प्रश्नच उरत नाही.

मला स्वतःला सगळ्यांत जास्त हलवून गेलेली गोष्ट बलकाची आहे. अंड्यातल्या पिवळ्या बलकासाठी लागणारं प्रथिन बनवणारी जनुकं कोंबडीत असतात. आपण अंडी घालत नाही, तरी आपल्या गर्भाला सुरुवातीच्या आठवड्यांत बलकाची पिशवी असते, आत बलक नसलेली. 2008 मध्ये संशोधकांनी कोंबडीच्या जनुकसंचात ही जनुकं कोणत्या शेजाऱ्यांच्या मधे आहेत ते पाहिलं आणि माणसात त्याच शेजाऱ्यांच्या मधल्या जागेत शोधलं. तिथे त्या बलक-जनुकांचे मोडके अवशेष होते. त्या वेळी मी काम थांबवून तो लेख दोनदा वाचला. कुठे शोधायचं हे नात्यावरून आधी ठरलं आणि वस्तू तिथेच निघाली.

अशा खुणांची तिसरी जात विषाणूंच्या अवशेषांची. रेट्रोव्हायरस पेशीत शिरला की आपली प्रत पेशीच्या डीएनएत घुसवतो. तो अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत घुसला तर ती प्रत वंशपरंपरेने उतरत राहते. आपल्या डीएनएचा सुमारे 8 टक्के भाग अशा जुन्या लागणींचा आहे. तीन अब्ज अक्षरांत विषाणू कुठेही बसू शकतो, तरी माणूस आणि चिंपांझी यांच्यात या प्रती हजारो ठिकाणी नेमक्या त्याच जागी आहेत.

जीवाश्मांकडे मी बाहेरून पाहते, ते माझं क्षेत्र नाही. पण देवमाशाची कथा सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तिच्यात दोन शास्त्रं आधी भांडली आणि मग एकमेकांना भेटली. देवमासा हा जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांतून आला हे मान्य होतं, पण कोणत्या? दात पाहून जीवाश्मतज्ज्ञ म्हणत होते की मेसोनिकिड नावाच्या, खूर असलेल्या नामशेष मांसाहारी प्राण्यांतून. 1990 च्या दशकात डीएनए पाहणारे म्हणू लागले की नाही, त्याचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक पाणघोडा आहे, म्हणजे तो गाय, हरीण, डुक्कर यांच्या समखुरी गटातला. हाडं पाहणाऱ्यांना हे पटेना. निकाल घोट्याच्या हाडाने लागणार होता. समखुरी प्राण्यांत या हाडाच्या दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते, इतर कुठल्याही गटात ती तशी नसते. 2001 मध्ये पाकिस्तानात सुमारे 4.7 कोटी वर्षांपूर्वीच्या, पाय असलेल्या देवमाशांचे घोटे सापडल्याचं जाहीर झालं. दोन्ही टोकांना कप्पी. जीवाश्मतज्ज्ञ फिलिप जिंजरिच हे इतकी वर्षं मेसोनिकिडच्या बाजूचे, आणि हे घोटे त्यांच्याच चमूला मिळाले होते. त्यांनी आपलं मत बदललं.

याला पुढची जोड जम्मूतल्या कालाकोटच्या खडकांनी दिली. भूगर्भशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी तिथून गोळा केलेले दगड त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या पत्नीने जीवाश्मतज्ज्ञ हान्स थेविसन यांच्या हाती दिले. ते साफ करताना एका कवटीचा कानाजवळचा भाग चुकून तुटला आणि आतलं हाड दिसलं, एका बाजूला जाडजूड. ही जाडी देवमाशांच्या कानाची ओळखीची खूण. प्राणी मात्र लहानखुऱ्या हरणाएवढा, बारीक पायांचा, सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा. ‘इंडोहायस’ नावाचा हा प्राणी 2007 मध्ये देवमाशाचा नातेवाईक म्हणून जगापुढे आला.

टिक्टालिकबद्दल तुम्ही वाचलं असेलच, म्हणून थोडक्यात. मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्या मधला जीव कोणत्या वयाच्या खडकात असायला हवा हे नील शुबिन आणि सहकाऱ्यांनी आधी ठरवलं, तसे खडक उत्तर कॅनडातल्या एल्समियर बेटावर उघडे पडलेले होते, आणि काही वर्षांच्या मोहिमांनंतर 2004 मध्ये 37.5 कोटी वर्षांपूर्वीचा, कल्ले आणि खवले असलेला पण मान आणि मनगटासारखी हाडं असलेला मासा त्यांना मिळाला. एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. 2010 मध्ये पोलंडमध्ये याहून जुन्या खडकांत चार पायांचे ठसे असल्याचं जाहीर झालं. त्यामुळे टिक्टालिकला आपला थेट पणजोबा म्हणू नये, त्या कुळातला चुलता म्हणावं. मधल्या अवस्थेचे जीव होते याचा पुरावा म्हणून त्याचं मोल त्याने कमी होत नाही.

‘पण खडकांची वयं कशावरून?’ असं लोक विचारतात. किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या क्षयावरून काढतात, आणि त्याची उलटतपासणी एका अगदी वेगळ्या दिशेने झाली आहे. भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचं फिरणं हळूहळू मंदावतं, म्हणजे पूर्वी वर्षात दिवस जास्त होते. खगोलशास्त्राच्या हिशेबाने डेव्होनियन काळात, टिक्टालिकच्याच काळात, वर्षाला 400 च्या आसपास दिवस भरतात. प्रवाळ रोज एक बारीक रेघ वाढवतो आणि वर्षाचा जाड पट्टा वेगळा दिसतो. 1963 मध्ये जॉन वेल्स यांनी डेव्होनियन प्रवाळांच्या एका वर्षातल्या रेघा मोजल्या. त्या 400 च्या आसपास भरल्या.

‘डोळ्यांदेखत कुणी पाहिलंय का?’ याचं उत्तर होय. रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी 1988 मध्ये ई. कोलाय जिवाणूंच्या एकसारख्या 12 वसाहती सुरू केल्या. रोज त्यातला शंभरावा भाग नव्या द्रवात टाकायचा, दिवसाला साडेसहा पिढ्यांच्या आसपास होतात, आणि दर 500 पिढ्यांनी नमुना गोठवून ठेवायचा. द्रवात साखर थोडी आणि सायट्रेट, म्हणजे लिंबातल्या आम्लाचा क्षार, भरपूर. प्राणवायू असताना ई. कोलायला सायट्रेट खाता येत नाही, जिवाणू ओळखण्याची ती एक कसोटीच आहे. 31,000 पिढ्या उलटल्यावर बारापैकी एका वसाहतीची कुपी एके दिवशी गढूळ दिसली. ती सायट्रेट खायला शिकली होती. मला यात मोलाचं वाटतं ते गोठवलेले नमुने. ते वितळवून तोच इतिहास पुन्हा चालवता आला. 20,000 पिढ्यांनंतरच्या नमुन्यांतून ही क्षमता पुन्हा उगवली, अगदी सुरुवातीच्या नमुन्यांतून नाही. म्हणजे आधी काही बदल साचावे लागले. डीएनए वाचल्यावर कळलं की सायट्रेट आत घेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाची एक जादा प्रत तयार झाली आणि ती प्राणवायूतही चालू राहणाऱ्या एका जनुकीय स्विचच्या शेजारी जाऊन बसली. नवं काम जुन्याच सामानातून उभं राहिलं.

गॅलापागोसच्या दाफने बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी 1973 पासून फिंच पक्षी मोजले. 1977 च्या दुष्काळात मऊ बिया संपल्या, जाड चोचीचे पक्षी जास्त जगले आणि पुढच्या पिढीच्या चोची सरासरीने जाड निघाल्या. काही वर्षांनी अतिवृष्टी झाल्यावर कल उलटला. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू तर प्रत्येक रुग्णालयाची रोजची डोकेदुखी आहेत.

‘नुसता सिद्धांत’ याबद्दल. हा घोळ इंग्रजीतल्या थिअरी या शब्दाचा आहे, तिकडे तो रोजच्या बोलण्यात अंदाज म्हणूनही वापरतात. आपल्याकडे सिद्धांत म्हणजे सिद्ध झालेला निष्कर्ष, अंदाजाला तर्क किंवा अटकळ म्हणतो. मराठी माणसाने ‘नुसता सिद्धांत’ म्हणावं याचं मला वाईट वाटतं, कारण शब्द आपल्याकडे अचूक आहे. वाद आहेत, आणि ते जोरदार आहेत: बदलांमध्ये नैसर्गिक निवडीचा वाटा किती आणि निव्वळ योगायोगाचा किती, यावर 1968 मध्ये मोतो किमुरा यांनी मांडणी केल्यापासून चर्चा थांबलेली नाही. पहिला जीव कसा निर्माण झाला हा वेगळा आणि अजून उघडा प्रश्न आहे. सजीव एकमेकांचे नातेवाईक आहेत का, यावर मात्र वाद नाही. आणि चिंपांझीचा माणूस झाला असंही कुणी म्हणत नाही, तो आपला चुलतभाऊ, फाटा फुटला साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी.

माझ्या शब्दावर विसंबून राहायची गरज नाही. मानवी जनुकसंच इंटरनेटवर फुकट पाहता येतो. जीनोम ब्राउझर, म्हणजे जनुकसंच अक्षर-अक्षर दाखवणारं संकेतस्थळ, उघडा, सध्याची जीआरसीएच 38 ही आवृत्ती निवडा, दुसरं गुणसूत्र घ्या आणि सुमारे 11 कोटी 36 लाखाव्या अक्षरापाशी जा. अक्षरं दिसतील इतकं मोठं करा. आधी ‘टीटीएजीजीजी’सारख्या सहा-सहा अक्षरांच्या रांगा लागतील, काही नीट, काही झिजलेल्या. सावकाश पुढे सरका. एका ठिकाणी ‘जी’ कमी होऊन ‘सी’ येऊ लागतील आणि रांगा उलट्या दिशेने वाचल्यासारख्या दिसतील. तो सांधा.